बावीस पायऱ्या आणि सहा नंबरांची गल्ली

विद्याधर आठल्ये यांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात काढली. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि आपल्या सगळ्या सवयी त्यांच्याबरोबर घरी पाठवून दिल्या. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. सवयी अजून चालू आहेत.

त्यातली मुख्य सवय म्हणजे एका वेळी एकच बदल. बिघडलेली कुठलीही वस्तू हाती आली की आठल्ये आधी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तिचा नकाशा काढतात. मग एक बदल करतात, तो वेळेसकट वहीत लिहितात, तपासतात, आणि मगच पुढच्याला हात घालतात. स्वयंपाकघरही यातून सुटलेलं नाही. आमटी बिघडली की इतरांचे नवरे तोंड वाकडं करतात, आठल्ये शांतपणे विचारतात, "कालच्यात आणि आजच्यात काय बदललंस?" लग्नानंतरची पहिली काही वर्षं हेमलताबाईंनी या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. पुढं त्या म्हणू लागल्या, "नवरा सोडून सगळं."

वाईहून ते बेंगळुरूला आले ते दोन वर्षांत परत जाऊ या हिशेबानं. त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. कन्नड ते पुस्तक आणून शिकले, त्यामुळं ती व्याकरणदृष्ट्या इतकी शुद्ध आहे की रिक्षावाल्यांना हा माणूस आपल्याला नोटीस वाचून दाखवतोय असं वाटतं आणि ते घाबरून हिंदीत उत्तर देतात.

निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणी भजन धरलं, कुणी सकाळचं चालणं धरलं, काहींना साखरेनं धरलं. आठल्यांनी लिनक्स धरलं, कंप्युटर चालवणारी एक प्रणाली. फुकट मिळते, आतून उघडून बघता येते आणि चूक झाली तर काय चुकलं ते तोंडावर सांगते, अशी व्यवस्था त्यांना सबंध नोकरीत भेटली नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी चिकपेटमधल्या सयाजीराव जगतापांच्या दुकानातल्या दोन्ही कंप्युटरवर ते बसवून दिलं, आणि गोष्ट घडली ती तिथं.

सयाजीरावांचं दुकान भरतकामाचं. ब्लाऊजच्या बाह्या, शाळांचे बिल्ले, देवळांचे पडदे, लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट, सगळं तिथं होतं. जगतापांचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की आपण मूळचे कुठले हे विचारलं तर सयाजीराव गल्लीच्या टोकाकडं बोट दाखवतात. हेमलताबाई तीस वर्षं त्यांच्या गिऱ्हाईक. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून दुकानाच्या कंप्युटरला दर आठवड्याला काही ना काही रोग लागतो, हे त्यांनीच घरी येऊन सांगितलं. आठल्ये दुसऱ्या दिवशी हजर झाले, रोग बंद झाले, आणि त्या दिवसापासून दुकानात त्यांचं नाव 'कंप्युटर अण्णा' पडलं.

दुकान दोन मजली. खाली गादी, काउंटर आणि कोपऱ्यात सयाजीरावांच्या सुनेचं, भूमिकाचं टेबल. नक्षी ती कंप्युटरवर काढते. वरच्या मजल्यावर भरतकामाची चार मोठी मशीनं, दुसरा कंप्युटर, आणि या सगळ्यावर राज्य करणाऱ्या रत्नाबाई. त्या सयाजीरावांच्या थोरल्या बहीण. त्यांना सगळे अक्का म्हणतात. खालचा मजला आणि वरचा मजला यांच्यामध्ये एक जिना आहे. त्याला जिना म्हणायचं ते भिंतीला टेकवलेली शिडी म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. बावीस पायऱ्या, एका वेळी अर्धंच पाऊल मावेल अशा.

भूमिका नक्षी काढायची, पेन ड्राइव्हमध्ये भरायची, जिना चढायची, मशीनमध्ये घालायची आणि योग्य नक्षी लागली ना ते डोळ्यांनी बघून खाली यायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग तिला सातवा महिना लागला आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, बसून काम कर पाहिजे तेवढं, पण जिना बंद.

सयाजीरावांनी यावर स्वतःच्या डोक्यानं तोडगा काढला. त्यांनी जिन्याच्या कठड्याला दोरी लावून एक टोपली बांधली. भूमिका टोपलीत पेन ड्राइव्ह ठेवणार, बेल वाजवणार, अक्का टोपली ओढून घेणार. पहिले चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी टोपलीतून जुना पेन ड्राइव्ह वर गेला. बँडवाल्यांच्या कोटांवर छातीच्या दोन बाजूंना दोन मोर हवे होते, एकमेकांकडं बघणारे. जुन्या नक्षीत दोघं एकमेकांकडं पाठ करून होते. अक्कांना नक्षी दिसली, पण बँडवाल्यांची काय मर्जी असेल ती असो म्हणून त्यांनी काम चालू ठेवलं. संध्याकाळपर्यंत चोवीस कोटांवर अठ्ठेचाळीस मोर रुसून बसले होते.

त्या रात्री जेवताना सयाजीरावांनी निर्णय सांगितला. सोमवारपासून भूमिकानं घरी विश्रांती घ्यायची. ॲव्हेन्यू रोडवर नक्षी काढून देणारा एक माणूस आहे, तो येऊन तिच्या टेबलावर बसेल. भूमिकाचा नवरा अभिमन्यू इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या कंपनीत कंप्युटरचंच काहीतरी करतो. तो म्हणाला, रविवारी बघतो. तो कुठला रविवार हे त्यानं सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी भूमिकानं आठल्यांना फोन केला.

"काका, वरच्या मशीनला मागं वायर लावायची जागा आहे बघा. इथून बसल्या बसल्या नक्षी वर जाईल काय हो?"

"जायला काही हरकत दिसत नाही."

"शनिवारपर्यंत?"

"एवढी घाई?"

फोनवर तिनं आवाज खाली आणला. मग ती म्हणाली, "सोमवारी तो माणूस येणार. काका, ती खुर्ची एकदा दुसऱ्याला दिली की बाळ पहिलीत जाईपर्यंत मला परत मिळत नाही. मामंजी वाईट नाहीत हो. ते विसरतील, एवढंच."

आठल्यांनी वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: काम – जिना रद्द करणे. मुदत – शनिवार.

बुधवारी ते जालहळ्ळीच्या घरून मेट्रोनं चिकपेटला उतरले. बरोबर लांब केबल, दोन जादा नेटवर्क कार्डं, कॅलेंडरचं मार्च महिन्याचं पान. केबल जिन्याच्या कडेनं वर नेली. खालच्या कंप्युटरमधून निघून थेट वरच्या कंप्युटरमध्ये शिरणारी, मध्ये कुणी नाही. वरच्या कंप्युटरला दुसरं कार्ड बसवलं आणि त्यातून, वायरी वाटून देणाऱ्या एका डबीमार्फत, चार मशीनांकडं वायरी गेल्या. यात त्यांना तीन वेळा जिना चढावा लागला. त्यांच्या उजव्या गुडघ्यानं प्रत्येक वेळी आपलं मत नोंदवलं. मग ते खाली भूमिकाशेजारी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, आता पुढचं सगळं इथूनच. वरच्या कंप्युटरवरही इथं बसून काम करता येतं. त्यांना या वाक्याचा जरा अभिमान वाटला.

"हे बघ," त्यांनी मार्च महिना उलटा केला. "ही तुझ्यातली आणि वरच्या कंप्युटरमधली केबल. हा झाला रस्ता. रस्त्यावर घरं दोनच, एक तुझं, एक त्याचं. आणि ही वर गल्ली. मशीन लावणाऱ्या माणसानं हिला नंबर दिलेत एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, पन्नास, शून्य, आणि पुढं तिरक्या रेषेनंतर एकोणतीस. म्हणजे एकूण आठ नंबर. पहिला गल्लीच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. राहिले सहा. एक वरच्या कंप्युटरचा, चार मशीनांचे."

"आणि एक?"

"रिकामा. सरकारी कॉलनीत एक क्वार्टर रिकामं असतंच."

"आता माझ्या कंप्युटरला ती गल्ली माहीत नाही."

"बरोबर बोललीस. म्हणून त्याला सांगायचं, पन्नासच्या गल्लीतल्या कुणाचं टपाल आलं तर केबलच्या त्या टोकाच्या घरी दे, तो पुढं बघेल. याला रूट म्हणतात. एक ओळ आहे."

त्यांनी ती ओळ लिहिली. वहीत वेळ टाकली. वरच्या कंप्युटरला हाक मारली, म्हणजे 'आहेस का' एवढंच विचारणारा निरोप पाठवला. तिथून उत्तर आलं. त्याच कंप्युटरच्या गल्लीकडच्या नंबराला हाक मारली, तिथूनही आलं. मग पहिल्या मशीनला हाक मारली.

काही नाही.

सयाजीराव गादीवरून बघत होते. "काय अण्णा, झालं की?"

"स्वल्प थांबा," आठल्ये म्हणाले. 'जरा'ऐवजी कन्नड 'स्वल्प' घालायची ही मिसळ त्यांच्या पुस्तकात नव्हती. ती त्यांनी सयाजीरावांकडूनच उचलली होती.

कारण त्यांना लवकर सापडलं. वरचा कंप्युटर दोन्हीकडं जोडलेला असला तरी दुसऱ्याचं टपाल पुढं द्यायचं असतं हे त्याला मुळात मान्य नसतं. माझ्या नावाचं नाही ना, मग टाकून दिलं, असा स्वभाव. आठल्यांना हा स्वभाव ओळखीचा होता, आवक-जावक विभागात अशी दोन माणसं त्यांनी पोसली होती. कंप्युटरला बदलणं मात्र सोपं निघालं. एका शून्याच्या जागी एक लिहिलं की तो टपाल पुढं देऊ लागतो. त्यांनी एक लिहिला, वहीत नोंद केली, आणि पुन्हा पहिल्या मशीनला हाक मारली.

काही नाही.

गुरुवार असाच गेला. आठल्ये खाली बसून वरच्या कंप्युटरमधून जाणारं-येणारं टपाल बघत होते. खालून निघालेली हाक वर पोचत होती. वरचा कंप्युटर ती इमानदारीनं गल्लीत देत होता. मशीनकडून परत काही येत नव्हतं. पण हीच हाक वरच्या कंप्युटरनं स्वतः मारली तर मशीन पटकन ओ देत होतं. शेजाऱ्याशी बोलायचं आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाशी अबोला, याचा अर्थ त्यांना लागेना. त्यांनी केबल खालच्या टोकाला काढून परत घातली. चार नोंदी झाल्या. मशीन दोनशी प्रयत्न केला, तेही तसंच. त्यांनी दोन्ही ओळी कायमच्या फाइलीत लिहून ठेवल्या, म्हणजे दुकानाचा मेन स्विच बंद झाला तरी पुसल्या जाऊ नयेत. निदान जे चुकत नाहीये ते तरी पक्कं असावं.

शुक्रवारी दुपारी सयाजीराव ताकाचा पेला घेऊन त्यांच्याजवळ आले. आवाज त्यांनी खाली ठेवला होता, पण भूमिका हातभर अंतरावर होती.

"अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. वय बघा, उन्हातनं येता. तो माणूस सोमवारी येतोच आहे. सरी, बरं, टोपली मीच नीट बांधतो परत."

"टोपली नको," भूमिका म्हणाली.

"तुला कोण विचारतंय, ताक घे."

आठल्यांनी ताक घेतलं. भूमिकानं घेतलं नाही. ती पडद्यावरच्या गंडभेरुंडाच्या, त्या दोन डोक्यांच्या पक्ष्याच्या, पिसांना एकेक टाका घालत राहिली, आणि आठल्यांना असं जाणवलं की ही पोरगी आपल्याला घाई करत नाहीये. शनिवारनंतर आपण काय करणार याची ती मनातल्या मनात तयारी करत होती. ते पाहून त्यांना ताक आंबट लागलं, आणि काय बदललं ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

घरी जेवताना हेमलताबाईंनी विचारलं, "काय म्हणतंय तुमचं मशीन?"

"काहीच म्हणत नाही. तोच तर प्रश्न आहे."

"वर जाऊन बघितलंत का त्याच्याकडं?"

"जायची गरज नाही. खालून सगळं दिसतं."

"मग दिसत कसं नाही?"

आठल्यांनी भाताकडं बघितलं. चौतीस वर्षं कारखान्यात त्यांनी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली होती, की जोडणी तपासायची तर दोन्ही टोकांना माणूस हवा. एकानं आकडा म्हणायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. आणि आपण तीन दिवस एकाच टोकाला स्टूल टाकून बसलो होतो. का, तर गुडघा. कुणाला जिना चढायला लागू नये म्हणून घेतलेलं काम जिना न चढता होईल असं आपण धरून चाललो.

शनिवारी साडेदहाला ते वर गेले. दर सात पायऱ्यांना एक विश्रांती. अक्का दोन नंबरच्या मशीनला निळा दोरा लावत होत्या. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा की अण्णा. गुडघ्याला एरंडेल लावा, मशीनचं तेल नको."

चारही मशीनं चालू असल्यावर वर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खालून काही सांगायचं तर भूमिका बेल वाजवते. तेवढ्यात ती वाजली, आणि अशी जबरदस्त की आठल्ये स्टुलावरून अर्धे उठले. अक्कांनी नुसती मान हलवली. "होय, ऐकलं," असं त्या मशीनकडं बघून म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलंत हे तिला कळलं का?" आठल्यांनी विचारलं.

"कसं कळेल? बटण खाली आहे. इथं नुसती बेल."

"मग तुम्ही तिला उत्तर कसं देता?"

"देत नाही. तिला पाहिजे असलं तर तीच वर येत होती की."

आठल्ये बेलकडं बघत राहिले. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोनमध्ये गेलं होतं, आणि टेलिफोनात एकदा जोडणी झाली की बोलणं दोन्हीकडून जातं. जाण्याची वाट लावली की येण्याची आपोआप लागते. तिच्यासाठी कुणी वेगळा अर्ज करत नाही. ही गोष्ट त्यांच्या इतकी अंगात मुरलेली होती की तिच्याबद्दल शंका घ्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी खालच्या कंप्युटरला जायची वाट सांगितली. वरच्याला पुढं द्यायला सांगितलं. मशीनला कुणी काही सांगितलं का? त्याला आपल्या गल्लीतले सहा नंबर माहीत. गल्लीबाहेरच्या कुणाचा प्रश्न आला तर उत्तर तयार आहे, हातात घेऊन उभं आहे, पण द्यायचं कुणाच्या हाती?

"अक्का, या मशीनचे नंबर कुठं दिसतात?"

"कुठले नंबर?"

"वायरचे. जोडणीचे."

मशीनच्या छोट्या पडद्यावरचा मजकूर निम्मा चिनी होता आणि उरलेला चिनी माणसानं लिहिलेला इंग्रजी. आठल्ये चष्मा वर-खाली करू लागले. अक्कांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळं त्यांची काहीच अडचण नव्हती. त्यांनी तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं, मग खालून दुसऱ्या ओळीवर, मग कोपऱ्यात. "हे काय? मशीन बसवायला आलेला माणूस इथं बसून आकडे मारत होता."

तीन ओळी होत्या. पहिलीत मशीनचा नंबर. दुसरीत गल्ली केवढी त्याचं माप. तिसऱ्या ओळीपुढं, बाहेरचं टपाल कुणाकडं द्यायचं, गेटवे, तिथं चार शून्यं.

"ती शून्यंच असतात," अक्का म्हणाल्या. "मशीन आलं तेव्हापासनं."

मशीन लावणाऱ्यानं काही चूक केली नव्हती. त्याच्या वेळी या मशीनांना गल्लीबाहेर कुणी विचारणारंच नव्हतं. आठल्यांनी शून्यं पुसली आणि तिथं वरच्या कंप्युटरचा गल्लीकडचा नंबर भरला. एका मशीनला. एकच बदल. वहीत वेळ लिहिली, आणि तपासायला खाली निघाले. तपासणी खालूनच व्हायला हवी होती, त्याला इलाज नव्हता. उतरताना गुडघा चढण्यापेक्षा जास्त बोलतो हे त्यांना नव्यानं समजलं.

"मार हाक," ते भूमिकाला म्हणाले.

तिनं मारली. पडद्यावर एक ओळ आली. मग तिच्याखाली दुसरी, तिसरी, प्रत्येकीपुढं किती वेळ लागला त्याचा आकडा. ओळी येत राहिल्या. भूमिकानं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"काका, हे म्हणजे?"

"ओ देतंय ते."

आता राहिलेली तीन. आठल्ये दीर्घ श्वास घेऊन पुन्हा बावीस पायऱ्या चढले. वर पोचून दुसऱ्या मशीनसमोर वाकले, तर तिथं शून्यं नव्हती. तिसऱ्यालाही नव्हती, चौथ्यालाही नव्हती.

"भरले की मी," अक्का दोरा दाताखाली तोडत म्हणाल्या. "तुम्ही पहिल्याला काय भरलं ते बघितलं, तेच भरलं. सगळ्यांना तेच ना?"

एका वेळी तीन बदल, नोंद न करता, तपासणी न करता. कारखान्यात यावर खुलासा मागवला गेला असता. आठल्यांनी तिन्ही पडद्यांवरचे आकडे एकेक करून वाचले. सगळे बरोबर होते. त्यांनी वहीत लिहिलं: अकरा पाच, मशीन दोन ते चार, बदल अक्कांनी केला. आणि त्यापुढं, का कोण जाणे, बरोबर अशी खूण केली.

साडेअकराला भूमिकानं खुर्चीवर बसल्या बसल्या गंडभेरुंड तिसऱ्या मशीनला पाठवला. तिच्या पडद्यावर मशीनकडून उत्तर आलं. नक्षीचं नाव, टाके अठरा हजार चारशे वीस. आता वर कुठल्या मशीनमध्ये काय लागलंय हे तिला इथूनच वाचता येत होतं. मोर कुठं बघतायत तेही नावावरून कळलं असतं, कारण तिनं नावं बदलून 'समोरासमोर' आणि 'रुसलेले' अशी केली होती.

सयाजीराव गादीवरून उठून टेबलामागं येऊन उभे होते.

"झालं की," ते म्हणाले.

"मेन स्विच बंद करा," आठल्ये म्हणाले.

"काय?"

"दुकानाचा मेन स्विच. बंद करून परत चालू करा."

"अण्णा, चार दिवसांनी चालू झालंय हो. बंद कशाला करता?"

"चालू झालं ते सगळ्यांनी बघितलं. रोज सकाळी आपोआप चालू होतं का, ते कुणी बघितलेलं नाही. मी घरी गेल्यावर सोमवारी ही कुणाला विचारणार?"

सयाजीरावांनी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडं एकदा बघून खटका ओढला. पंखे थांबले, वरची घरघर थांबली, आणि चिकपेटमधल्या सगळ्या गल्लीचा आवाज एकदम दुकानात आला. काउंटरवरच्या गिऱ्हाईकबाई ब्लाऊज हातात धरून थांबल्या. खटका वर गेला. कंप्युटर आपल्या चालीनं उठले. त्यांना कधीच कुणाची घाई नसते. भूमिकानं चारही मशीनांना एकामागून एक हाक मारली आणि चारहींनी ओ दिली.

आता सयाजीराव खुश झाले, आणि खुश झाल्यावर माणसाला नको ते सुचतं.

"म्हणजे पायाशिवाय खालचं वर जातंय," ते म्हणाले. "मग अण्णा, आमच्या तीन स्टेशनांपलीकडच्या श्रीरामपुरातल्या घरातनं पण इथं येईल काय?"

आठल्यांनी भूमिकाकडं बघितलं. तिचा चेहरा परत शुक्रवारचा झाला होता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि सयाजीरावांना ते पडताळून बघता आलं नसतं. पण जे होतं ते होत नाही असं सांगायचं आठल्यांना जमत नाही. त्यापायी त्यांची दोन प्रमोशनं गेली होती.

"येईल," ते म्हणाले. "कुलूपकिल्ली जास्त लागेल. पण येईल."

"मग काय तर. सोमवारपासनं घरीच बस, घरनंच कर थोडं थोडं. इथं तो माणूस बसेल."

"मामंजी," भूमिका म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "घरनं येतंय म्हणता ना? मग बाळ झाल्यावर मी घरनं करीन. तोवर इथं बसून करीन. जिना तर आता नाहीच. मग तो माणूस बसून काय करणार?"

सयाजीरावांनी बोटांवर महिने मोजले. हिशेब बरोबर होता. तो आपल्या बाजूनं कसा वळवावा ते त्यांना दिसेना. ते आठल्यांकडं वळले. आठल्ये वही वाचू लागले.

"तुझी तब्येत बघून म्हणतोय मी," सयाजीराव म्हणाले.

"माझी तब्येत खुर्चीत बरी असते. घरी दिवसभर काय करू? अत्तींबरोबर मालिका बघू?" सासूबाईंना ती अत्ती म्हणते.

एव्हाना अक्का जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. मशीनांचं भरतकाम अजून सुरू केलं नव्हतं, त्यामुळं खालचं सगळं त्यांना ऐकू येत होतं.

"सयाजी," त्या वरूनच म्हणाल्या, "त्या माणसाची नक्षी मी बघितली आहे. लक्ष्मी काढली तर चौकीतला बसाप्पा हवालदार दिसतो. मला इथं चालणार नाही."

धाकट्या भावाचं वय साठ असलं तरी थोरल्या बहिणीसमोर ते बारा-तेराच्या पुढं जात नाही. सयाजीराव गादीवर जाऊन बसले. खिशातून फोन काढला, चष्मा लावला, नंबर शोधायला जरूर होती त्यापेक्षा जास्त वेळ लावला. मग कन्नडमध्ये बोलले.

"सोमवार बरोदु बेडा," ते म्हणाले. सोमवारी यायला नको.

पलीकडून का म्हणून विचारलं असावं. सयाजीरावांनी एकदा टेबलाकडं बघितलं. भूमिका उत्तर ऐकायला थांबली आहे हे त्यांना दिसलं.

"नम्म सोसे इद्दाळे," ते म्हणाले. आमची सून आहे. आणि फोन ठेवून गिऱ्हाईकबाईंच्या हातातला ब्लाऊज आपल्याकडं ओढत त्यांनी विचारलं, "हां, बाहीवर काय घालू म्हणालात?"

"मोर," बाई म्हणाल्या.

"भूमिका," सयाजीराव गादीवरूनच म्हणाले, "ह्यांना मोर दाखव गे. मान कुठल्या बाजूला पाहिजे ते आधी विचारून घे."

भूमिकानं बाईंना टेबलाशी बोलावलं, पडदा त्यांच्याकडं वळवला आणि पहिला मोर उघडला.